‘गेम भारी असला की आपोआप खपतो’

सोनपेठ-परळीकडची कोडिंग शिकणारी पोरं भेटली की हे वाक्य हमखास कानावर येतं, आणि दर वेळी डोकं सणकतं. ज्या तालुक्यात कापूस वेचायच्या आधी भावाची चौकशी होते, तिथल्या पोराने सहा-सहा महिने रात्री जागून केलेला गेम भाव न विचारताच बाजारात टाकायचा?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ बघा. असुरांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीचा हा खेळ २०२० साली आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. पण २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नव्हती. चित्रं तेव्हाही देखणीच होती. खेळ तडीस गेला तो एपिक कंपनीचं अनुदान मिळवून आणि प्रकाशकाशी करार करून. धंदा म्हणतात तो यालाच.

आता वही काढा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात भारतासाठी ५०० रुपये किंमत लावली. त्यात १८ टक्के जीएसटी आलाच. तो वजा जाता ४२४. त्यातले ३० टक्के स्टीमचे. हातात पडले २९७. मोंढ्यात हमाली-तोलाई कापून पट्टी मिळते, तसंच हे. चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळून गिऱ्हाइकाने परत केला, तर तेवढेही गेले. अमेरिकेतल्या विक्रीवर तिकडचा कर कापतात: पॅन देऊन कर-कराराचा फायदा मागितला तर १५ टक्के, नाही तर ३०. सहा महिने राबलात आणि घरखर्च महिना १५,००० धरला, तर नुसता तो निघायलाच तीनशेच्या वर प्रती खपायला हव्यात.

ही तीनशे माणसं आणायची कुठून? स्टीमच्या नियमानुसार गेमचं पान प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी लावावंच लागतं. मी म्हणतो, सहा महिने आधी लावा. ज्यांनी गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे घ्यायच्या यादीत, टाकलाय, त्यांना तो आल्याचा ईमेल स्टीमच पाठवतं. शेवटच्या पंधरवड्यात जागं होणाऱ्याची यादी रिकामी राहते.

बाकीचे गैरसमज किरकोळ. कंपनी काढावीच लागते? नाही, स्वतःच्या नावावरही गेम लावता येतो, आणि उद्यम नोंदणी फुकट होते. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. कल्पना चोरीला जाईल म्हणून कुणाला दाखवायचंच नाही? कॉपीराइट नुसत्या कल्पनेला नसतोच, केलेल्या कामाला असतो. तेव्हा दाखवा आणि लोक कुठे अडखळतात ते बघा. स्टीमवर गेम लावायला भरलेले १०० डॉलर बुडाले? गेमची विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. गेम बनवायचं इंजिन महाग पडतं? गोडो हे इंजिन फुकट आहे, त्याला कमाईतला वाटाही द्यावा लागत नाही.

आणि ‘सरकारने गेमच बंद केलेत’ म्हणणाऱ्या काकांना सांगा: २०२५ च्या कायद्याची बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. भावासाठी असुरांशी लढणाऱ्या राजीवर नाही.