मोबाइलमधील पैसा आणि डब्यातील पैसा

फाल्गुन-चैत्रात अलिबाग-पेण मार्गाने जाणाऱ्यास खंडाळे परिसरात पांढऱ्या कांद्याच्या माळा विक्रीस टांगलेल्या दिसतात. अलीकडे त्या माळांशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठाही लटकत असतो. ज्या किनाऱ्यावर एके काळी सुकी मासळी देऊन भात घेतले जाई, तेथे आता माळेचे मोल नोटेस हात न लावता खात्यात जमा होते.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा बाद झाल्या. यूपीआय ही व्यवस्थाही त्याच वर्षी सुरू झाली. हिचा लाभ उघड आहे. सुट्ट्या पैशांची अडचण राहत नाही आणि विक्रीची नोंद आपोआप होते. पीएम-किसान योजनेचे वार्षिक ६,००० रुपयेही तीन हप्त्यांत थेट खात्यातच येतात.

परंतु ३ जून २०२० हा दिवस श्रीवर्धन, मुरूड व म्हसळ्याचे बागायतदार विसरलेले नाहीत. निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, विजेचे खांब मोडले, आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून व संपर्कावाचून राहिली. वीज नसता मोबाइल भारित कसा व्हावा, आणि मनोरा बंद पडता खात्यातील शिल्लक कोणत्या कामाची? पडलेली झाडे तोडणाऱ्या मजुराचा रोज व छपराच्या पत्र्याचे मोल अशा वेळी रोखच द्यावे लागते. पोफळीचे नवे झाड फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात; तेवढ्या काळाचा संसार पुन्हा उभारावयाचा, तो पहिल्याच आठवड्यात उसनवारीने सुरू होऊ नये. साध्या मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय मार्च २०२२ पासून झाली आहे. तीस इंटरनेट लागत नाही हे खरे. तथापि मनोरा तिलाही लागतोच.

म्हणून मृगापूर्वी कौले शाकारतो, त्याच वेळी आठ-दहा दिवसांचा खर्च भागेल इतकी रोकड, त्यात लहान नोटा अधिक, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. यास कोणी जुनाट विचार म्हणेल, म्हणो बापडे.

दुसरे संकट वादळाविना येते. “तुमचे अनुदान मंजूर झाले, हा कोड स्कॅन करून पिन टाका,” असा दूरध्वनी येतो आणि खाते रिकामे होते. पैसे घेण्यास पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो देण्यासाठीच. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक बैठकीत सांगावी. स्वतः मात्र कोणाचा पिन विचारू नये, वृद्ध शेतकऱ्याने विश्वासाने पुढे केला तरीही नाही. फसवणूक ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे व बँकेस खाते गोठविण्यास सांगावे. हा क्रमांक घरातील भिंतीवर, मुलांच्याही दृष्टीस पडेल असा, लिहून ठेवावा.