संगणकातला बेबनाव

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगशाळेत एखादे उपकरण बंद पडले की मनात दोन मोह होतात. पहिला मोह ते उघडून बसण्याचा आणि दुसरा ते बदलून टाकण्याचा. हे दोन्ही मोह आवरून आधी विचार केला तर काय लाभ होतो, हे दाखवणारा एक प्रसंग आज सांगतो.

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात लिनक्स प्रणालीवर चालणारा एक संगणक आहे. त्यात वेगाने आकडेमोड करणारे ग्राफिक्स कार्ड बसवलेले आहे. शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनी त्यावर दहा हजार ताऱ्यांच्या गुच्छाचे गणित करीत होत्या. प्रत्येक तारा इतर प्रत्येक ताऱ्याला ओढतो. म्हणजे एका क्षणाचे चित्र काढायचे तर जवळजवळ पाच कोटी जोड्यांमधले बल मोजावे लागते. तीन महिन्यांचे काम पुरे होत आले होते आणि दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक यायचे होते.

त्या दिवशी सकाळी संगणकाने गणित करण्यास नकार दिला. पडद्यावर चित्र नेहमीसारखे होते, माउस हलत होता, पण ताऱ्यांची आज्ञावली सुरू करताच एकच ओळ उमटे. तिचा अर्थ असा होता : ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत.

“सर, काल संध्याकाळी सहापर्यंत व्यवस्थित चालू होता. आम्ही कशालाही हात लावलेला नाही,” एक विद्यार्थिनी रडवेल्या आवाजात म्हणाली. जवळच उभा असलेला एक हुशार विद्यार्थी म्हणाला, “सर, सगळं पुसून प्रणाली नव्याने टाकू या. दोन तासांत होईल.” मी विचारले, “तीन महिन्यांच्या आकड्यांची दुसरी प्रत कुठे आहे?” प्रत कुठेच नव्हती. सगळे आकडे त्याच डिस्कवर होते. तेव्हा पुसण्याचा विचार आम्ही बाजूला ठेवला आणि आधी रोग ओळखायचे ठरवले.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

संगणकाला छापकयंत्र, कॅमेरा, ग्राफिक्स कार्ड अशी नाना उपकरणे जोडलेली असतात. प्रत्येकाची भाषा वेगळी. एखाद्या उपकरणाच्या अमुक खणात अमुक आकडा ठेवला की ते काम सुरू करते, दुसऱ्याचा खण वेगळा आणि आकडाही वेगळा. आपण वापरतो त्या प्रत्येक आज्ञावलीने या सगळ्या भाषा शिकायच्या म्हटल्या तर ते अशक्यच. म्हणून मध्ये एक दुभाषी ठेवतात. हा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. एका बाजूने तो उपकरणाची भाषा जाणतो, तर दुसऱ्या बाजूने ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या प्रणालीची भाषा जाणतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. दुभाष्याला दोन बाजू असतात. उपकरण तेच राहिले, पण प्रणालीची भाषा बदलली, तरी दुभाषी निकामी ठरतो. म्हणूनच प्रणाली अद्ययावत केल्यावर कालपर्यंत चालणारे छापकयंत्र आज गप्प बसते. त्याचा एकही खिळा सैल झालेला नसतो.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर तर एकटा नसतो, ती जोडी असते. पहिला भाग प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये राहतो. कार्डाशी प्रत्यक्ष बोलण्याचा अधिकार त्याचा. दुसरा भाग म्हणजे लायब्ररी. ती गाभ्याच्या बाहेर राहते आणि आपल्या आज्ञावलीची मागणी पहिल्या भागापर्यंत पोहोचवते. या दोघांचे आपापसातले खुणेचे शब्द प्रत्येक आवृत्तीत थोडेफार बदलतात. म्हणून दोघे एकाच आवृत्तीचे असावे लागतात.

चालत्या गाडीचा चालक

आता कल्पना करा. लांब पल्ल्याची एक गाडी रात्री निघाली. चालकाच्या हाती जुने वेळापत्रक आहे. मध्यरात्री नवे वेळापत्रक लागू झाले आणि सर्व स्थानकांवर ते पोहोचले. सकाळी गाडी एका स्थानकात शिरते तेव्हा चालक म्हणतो, येथे थांबायचे आहे, आणि स्थानकाचा अधिकारी म्हणतो, येथे थांबायचे नाही. दोघेही आपल्या कागदाप्रमाणे बरोबरच आहेत. चूक आहे ती दोन कागद वेगळे असण्यात.

संगणकात हेच घडते. डिस्कवर असलेली फाइल आणि स्मृतीत, म्हणजे मेमरीत, चढलेली तिची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणक सुरू होताना गाभ्यातला ड्रायव्हर डिस्कवरून मेमरीत चढतो आणि तेथेच राहतो. पुढे डिस्कवरची फाइल बदलली, तरी मेमरीतल्या प्रतीला त्याचा पत्ता नसतो. तो चालत्या गाडीतला चालक आहे. लायब्ररी मात्र प्रत्येक आज्ञावली सुरू होताना डिस्कवरून नव्याने वाचली जाते. ती आहे स्थानक. ड्रायव्हर जुना, लायब्ररी नवी, आणि दोघांत बेबनाव!

पण मग पडद्यावरचे चित्र कसे टिकले? हाच प्रश्न त्या विद्यार्थिनीने विचारला, आणि तो फार चांगला प्रश्न होता. चित्र काढणारी आज्ञावली बदल होण्याआधीच सुरू झाली होती. तिने जुनी लायब्ररी आधीच उघडून ठेवली होती. लिनक्समध्ये उघडलेल्या फाइलच्या जागी नवी फाइल आली, तरी उघडणाऱ्याच्या हाती जुनीच राहते. म्हणून जे आधीपासून चालू होते ते चालत राहिले आणि जे नव्याने सुरू करू ते अडले. कार्डच बिघडले असते, तर असा भेदभाव झाला नसता.

चार प्रश्न, चार आकडे

येथवर झाला तो तर्क. त्याला मोजमापाचा आधार हवा. आम्ही चार प्रश्न कागदावर लिहिले आणि संगणकालाच विचारले. पहिला, मेमरीत चढलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती कोणती? उत्तर आले ५३५.१२९. दुसरा, डिस्कवरच्या ड्रायव्हरची कोणती? ५३५.१५४. तिसरा, लायब्ररीची कोणती? तीही ५३५.१५४. चौथा, संगणक किती दिवस अखंड चालू आहे? ४१ दिवस.

मग प्रणालीची नोंदवही उघडली. काय बदलले आणि केव्हा बदलले, याची नोंद संगणक स्वतःच ठेवत असतो. त्या दिवशी पहाटे सहा वाजून वीस मिनिटांनी सुरक्षेसाठीच्या सुधारणा आपोआप बसल्या होत्या आणि त्यांत ग्राफिक्सचा ड्रायव्हरही होता. विद्यार्थिनींनी खरोखरच कशाला हात लावला नव्हता.

आता निदान निश्चित झाले. मेमरीतला एकच भाग मागे राहिला होता, डिस्कवरचे दोन्ही भाग एकमेकांशी जुळलेले होते. गाडी शेवटच्या स्थानकावर नेऊन चालकाच्या हाती नवे वेळापत्रक दिले की झाले. आधी सर्व आकड्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि मग संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. तारे पुन्हा फिरू लागले. बिघाड दूर व्हायला दोन मिनिटे लागली, निदानाला पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास वाया गेला असे मला वाटत नाही.

“सर, मग आधीच बंद करून चालू केला असता तर?” त्या हुशार विद्यार्थ्याने विचारले. या वेळी चालले असते. पण डिस्कवरचे दोन भागच आपापसात जुळत नसते, तर तो उपाय फुकट गेला असता, आणि का गेला हेही कळले नसते.

गाभाच बदलला तर?

दुसऱ्या प्रकारचा बेबनाव याहून चिवट असतो. अद्ययावत करताना पुष्कळदा गाभाच नवा येतो. लिनक्समध्ये गाभ्याबरोबर येणारे ड्रायव्हर त्याच्याशी जुळवूनच दिलेले असतात. पण बाहेरून आणलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या गाभ्यासाठी पुन्हा तयार करावा लागतो, कारण गाभ्याच्या आतली रचना कायम ठेवण्याची हमी लिनक्सचे कर्ते देत नाहीत. प्रत्येक ड्रायव्हरवर तो कोणत्या गाभ्यासाठी तयार झाला याचा शिक्का असतो. गाभा तो शिक्का तपासतो, आणि न जुळल्यास ड्रायव्हरला दारातच अडवतो.

येथे संगणक कितीही वेळा बंद करून चालू केला, तरी उपयोग नाही. अशा वेळी सुरुवातीच्या यादीतून जुना गाभा निवडावा. तो बहुधा शिल्लक ठेवलेला असतो. जुन्या गाभ्यावर ड्रायव्हर चालला, तर दोष नव्या जोडीत आहे हे सिद्ध झाले. मग नव्या गाभ्याच्या शीर्षक-फाइली बसल्या आहेत का ते पाहावे आणि ड्रायव्हर पुन्हा तयार करावा. शीर्षक-फाइलींत गाभ्याच्या रचनेचे वर्णन असते. त्या नसतील तर ड्रायव्हर तयारच होत नाही.

विंडोजमध्ये काय दिसते?

तुमच्या शाळेत बहुधा विंडोज असेल. तेथे ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडला की सर्व उपकरणांची यादी दिसते. बिघडलेल्या उपकरणावर पिवळ्या त्रिकोणाची खूण असते आणि आत एक सांकेतिक क्रमांक असतो. १४ म्हणजे संगणक पुन्हा सुरू करा, २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही पटत नाही. क्रमांक वाचल्याशिवाय उपाय करू नये. बिघाड अद्ययावत केल्यानंतर लगेच सुरू झाला असेल, तर तेथेच ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते. त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. आधीचा साठवलेला नसेल, तर बटण फिकट दिसते.

विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक शाळांत विंडोज ११ येत आहे. ही प्रणाली फक्त ६४ बिटांची आहे, आणि ३२ बिटांसाठी लिहिलेले ड्रायव्हर तिच्यात चालत नाहीत. तेव्हा जुने छापकयंत्र किंवा स्कॅनर असेल, तर नव्या प्रणालीसाठी त्याचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहावे आणि मगच प्रणाली बदलावी.

एकवीस आणि वीस

दोन भाग न जुळण्याची किंमत केवढी असू शकते, हे जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीची एक संरक्षक आज्ञावली विंडोजच्या गाभ्यात राहून काम करते. तिला त्या दिवशी माहितीची एक नवी फाइल धाडली गेली. फाइलीतल्या नियमांना एकवीस नोंदी हव्या होत्या, आज्ञावली मात्र वीसच पुरवीत होती. एकविसावी वाचण्यासाठी हात पुढे गेला तो भलत्याच जागी, आणि संगणक कोसळला. गाभ्याबाहेरची आज्ञावली चुकली तर ती एकटी बंद पडते, गाभ्यातली चुकली तर सगळा संगणकच थांबतो. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक त्या दिवशी बंद पडले. भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. हा ड्रायव्हरच्या आवृत्तीचा दोष नव्हता हे खरे, पण जात तीच : एक भाग पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला.

आवृत्तीचे आकडे वाचताना

एक प्रश्न सोडवा. लिनक्सच्या गाभ्याची ६.८ ही आवृत्ती नवी की ६.१०? दशांश अपूर्णांक शिकलेला विद्यार्थी पटकन म्हणेल, ६.८ मोठी. येथेच फसगत होते! आवृत्तीतला बिंदू हा दशांशचिन्ह नव्हे. ६.१० म्हणजे सहाव्या पुस्तकाचा दहावा धडा, आणि तो आठव्यानंतरच येणार. ६.८ मार्च २०२४ मध्ये आली आणि ६.१० त्याच वर्षी जुलैमध्ये.

तुम्ही काय कराल?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी. प्रणालीची आवृत्ती, प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरची आवृत्ती आणि बदलाची तारीख असे तीन रकाने आखावेत आणि महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावेत. बिघाड झाला तर वहीतली शेवटची ओळ आणि आजचे आकडे शेजारी ठेवले, की शोध कोठून सुरू करायचा ते कळेल.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही चार गोष्टी पाळा. आधी आपल्या कामाची दुसरी प्रत घ्या. संगणकाने दिलेला संदेश पूर्ण वाचून जसाच्या तसा उतरवा. ‘काल काय बदलले?’ हा प्रश्न विचारा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि संगणक चालू लागला, तर कोणत्या उपायाने चालला हे कधीच कळणार नाही. दोलकाच्या प्रयोगात आपण लांबी बदलताना बाकी काही बदलत नाही, तेही याच कारणाने.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी त्या विद्यार्थिनींना ताऱ्यांविषयी पुष्कळ प्रश्न विचारले. शेवटी त्यांनी सहज विचारले, “काम करताना काही अडचण आली का?” दोघींनी कागद मागून घेतला आणि त्यावर चार आकडे लिहिले.