दूध भरपूर, घास उशिरा

बारामती-इंदापूरकडं गाय व्याली की घरातलं माणूस आधी वासराला कासेला लावतं. पोटात चीक गेल्याशिवाय वासरू तगत नाही, हे या दुधाच्या पट्ट्यात कुणाला शिकवावं लागत नाही. त्याच घरातल्या सुनेचा चीक मात्र अजून कुठं कुठं पिळून टाकला जातो. तो जड असतो, बाळाला पचत नाही, खरं दूध तिसऱ्या दिवशी उतरतं, असं सांगतात. वस्तुस्थिती उलटी आहे. या पिवळसर, घट्ट चिकात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं. तो चमचाभरच निघतो म्हणून घाबरायचं कारण नाही. पहिल्या दिवशी बाळाचं पोट एका वेळी तेवढंच घेतं. बाळ ओढतं म्हणून तर पुढचं दूध उतरतं. सिझेरियन झालं असलं तरी शक्यतो तासाभरात बाळाला अंगावर घ्यायला हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सुमारे 53 टक्के बाळांनाच तासाभरात आईचं दूध मिळालेलं दिसतं.

बाळाच्या जिभेला मध लावायची रीत मायेची आहे, पण मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. ती तान्ह्याच्या आतड्यात वाढली तर बाळ लुळं पडतं. वर्ष होईपर्यंत मध नकोच. उन्हाळ्यात घसा सुकेल म्हणून पहिल्या सहा महिन्यांत पाणी पाजायचीही गरज नसते, कारण आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बाळाला जास्त वेळा पाजायचं आणि पाण्याचा तांब्या आईजवळ ठेवायचा.

उन्हातून आलेल्या बाईचं दूध तापलेलं असतं, ते बाळाला बाधतं, हा आणखी एक समज. बाईनं उन्हात काम केलं म्हणून तिचं दूध नासत नाही. या समजाचा जाच सर्वांत जास्त होतो तो ऊसतोडीला आलेल्या बायांना. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीड-नगरकडच्या टोळ्या येतात. आई अंधारातच फडात जाते, तान्हं कोपीवर, म्हणजे झोपडीत, मोठ्या बहिणीकडं राहतं. अशा आईनं परत आल्या आल्या निर्धास्त पाजावं. निघण्याआधी हात धुऊन, स्वच्छ झाकणाच्या भांड्यात पिळून ठेवलेलं दूध थंडीच्या दिवसांत सावलीत चार तास टिकतं आणि वाटी-चमच्यानं देता येतं. बाटली नको, ती रोज उकळायला कोपीवर ना पाणी पुरतं ना सरपण. फडाच्या कडेला बसून पाजायला तिला वेळ मिळतो का, हा प्रश्न मात्र तिच्या ज्ञानाचा नाही. तो तिच्याकडून काम करून घेणाऱ्यांचा आहे.

आपल्याकडं खरी अडचण होते ती सहा महिन्यांनंतर. त्याच सर्वेक्षणात सहा महिन्यांच्या आतली 71 टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती, ही चांगलीच गोष्ट. पण सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांमध्ये पुरेसा आहार मिळालेली मुलं दहात जेमतेम एक निघाली. उष्टावणाची रीत साधारण योग्य वयातलीच आहे. होतं असं, की मुहूर्त लांबतो, किंवा उष्टावण होऊन दुसऱ्या दिवशी बाळ पुन्हा दुधावर जातं. दारात दुभतं असलं की गाई-म्हशीचं वरचं दूध दिवसभर पाजलं जातं, बाळ गुटगुटीत दिसतं आणि घर निश्चिंत होतं. या दुधात लोह जवळजवळ नसतं. जन्मताना मिळालेली लोहाची शिल्लक सहाव्या महिन्यापर्यंत संपत येते, आणि दुधानं भरलेल्या पोटाला घासाची भूक उरत नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांच्या आतल्या मुलांपैकी सुमारे 69 टक्क्यांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत. पण दूध दिलं म्हणजे सगळं दिलं, हा समज त्यातलं एक आहे असं मला ठामपणे वाटतं. वर्षाच्या आत आईचं दूध आणि घास हेच मुख्य.

घास म्हणजे डाळीचं वरवरचं पाणी नव्हे. त्यात पोट भरतं, अंगी काही लागत नाही. डाळ-भात किंवा ज्वारीची भाकरी कुस्करून, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी घट्ट ठेवायची आणि वर तूप किंवा तेल सोडायचं. दात यायची वाट पाहायला नको, मऊ अन्न हिरड्यांनी चावता येतं. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. अंडं उष्ण पडतं म्हणून दोन-दोन वर्षं थांबवतात, पण जी घरं खातात त्यांनी सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवलेलं अंडं द्यावं. भिगवणला उजनी धरणाची मासळी येते. काटे बोटांनी चाचपून काढलेला मासा बाळाला चालतो. चहात बुडवलेलं बिस्किट मात्र बंदच करावं, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

जुलाब लागले की खाणं तोडतात, तेही चूक. अंगावरचं दूध आणि घास चालू ठेवून ओआरएस द्यायचं, आणि डॉक्टर किंवा आशाताईंच्या सल्ल्यानं चौदा दिवस झिंक.

आशाताईंच्या गृहभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात असतात. सहाव्या महिन्याच्या भेटीला सासूबाईंनी शेजारी बसावं, बाळाच्या वडिलांनीही. वाटीत काय पडायचं हे पुष्कळ घरांत एकटी आई ठरवत नाही.