चिपच्या लेआउटमध्ये कडा जुळवताना

चिपचा लेआउट काढणाऱ्यांना दिवसभर एकच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं: हा ट्रान्झिस्टर त्या ओळीत आणा, हा व्हाया पट्टीच्या मधोमध बसवा. केलेआउट, व्हर्च्युओसो अशा सॉफ्टवेअरमध्ये अलाइनची तयार सोय असते, मग स्वतःची स्क्रिप्ट कशाला, असं अनेकांना वाटतं. जे लिहायला बसतात त्यांना वाटतं, दोन चौकटींच्या डाव्या कडांची वजाबाकी करायची, तेवढं सरकवायचं, झालं काम. वजाबाकी सोपीच आहे. पण ती कोणत्या कडांची करायची, हे तुमच्या डिझाइनवर अवलंबून असतं आणि तयार बटणाला ते ठाऊक नसतं.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज बाउंडिंग बॉक्सबद्दलचा, म्हणजे सगळ्या आकृत्यांना वेढणाऱ्या चौकटीबद्दलचा आहे. बाउंडिंग बॉक्स म्हणजेच सेलची हद्द, असं सर्रास धरलं जातं. स्कायवॉटरच्या 130 नॅनोमीटर प्रक्रियेचं पीडीके (प्रोसेस डिझाइन किट) 2020 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, त्यामुळे हे कुणालाही उघडून पाहता येईल. त्यातल्या हाय डेन्सिटी लायब्ररीत सेलची उंची 2.72 मायक्रॉन आहे. बहुतेक सेलमध्ये एन-वेलचा पट्टा हद्दीबाहेर डावीकडे आणि उजवीकडे 0.19 मायक्रॉन डोकावतो. पॉवर रेलची मेटल-1 पट्टी मात्र हद्दीवरच थांबते. असे दोन सेल बाउंडिंग बॉक्स धरून शेजारी चिकटवले, तर एन-वेल एकमेकांना टेकतात, पडद्यावर सगळं नीट बसल्यासारखं दिसतं आणि रेलमध्ये 0.38 मायक्रॉनची फट राहते. मेटल-1 मध्ये किमान 0.14 मायक्रॉन अंतर लागतं, म्हणजे डीआरसीमधला (डिझाइन रूल चेक) अंतराचा नियम या फटीला हरकत घेत नाही. रेल तुटल्याचं कळतं ते एलव्हीएस (लेआउट आणि स्कीमॅटिकची तुलना) चालवल्यावर.

वस्तुस्थिती अशी, की सेलची खरी हद्द 235/4 या स्वतंत्र लेअरवर काढलेली असते, आणि केलेआउटमध्ये इन्स्टन्सची चौकट एखाद्या लेअरपुरती मागता येते. स्क्रिप्टमध्ये तो लेअर दिला की दोन्ही हद्दी बरोबर टेकतात. स्वतःचं साधन लिहिण्याचं माझ्या मते हेच सर्वांत भक्कम कारण आहे.

दुसरा गैरसमज: मध्य साधायचा तर दोनने भागलं की पुरे. एक पट्टी 170 नॅनोमीटर रुंद, दुसरी 145. डाव्या कडा जुळलेल्या असताना मध्य जुळवायचा तर अरुंद पट्टी 12.5 नॅनोमीटर सरकवावी लागते. केलेआउट आपली मापं पूर्णांकात ठेवतं, एक एकक सहसा 1 नॅनोमीटरचं. त्यामुळे हाती 12 किंवा 13 येतात. पण स्कायवॉटरच्या या प्रक्रियेचं मॅन्युफॅक्चरिंग ग्रिड 5 नॅनोमीटरचं, आणि 12 किंवा 13 यांपैकी एकही त्यावर बसत नाही. डोळ्याला काहीच जाणवत नाही. ऑफ-ग्रिडच्या चुका मात्र ढिगाने येतात. उपाय म्हणजे सरकवण्याचं अंतर ग्रिडने भागायचं, पूर्णांक करायचं, पुन्हा गुणायचं: 10 घ्या किंवा 15. अचूक मध्य इथे मिळणारच नाही, हे मान्य करावं लागतं. मात्र कोणत्या बाजूला झुकायचं, हे एकदा ठरवून सगळीकडे तेच पाळा. समान अंतराने वस्तू मांडतानाही हीच काळजी घ्यावी लागते. 1 मायक्रॉनची मोकळी जागा तीन फटींत वाटताना प्रत्येक फट 0.335 केली, तर शेवटची वस्तू 5 नॅनोमीटर पुढे जाते. म्हणून प्रत्येक जागा आरंभबिंदूपासून मोजावी आणि मग ग्रिडवर आणावी.

निवडलेली आकृती सरकवली की फक्त तीच सरकते, हाही भ्रम आहे. ती एखाद्या सेलच्या आत असेल आणि तो सेल चाळीस ठिकाणी वापरलेला असेल, तर चाळीसही ठिकाणी बदल होतो. शिवाय सेल फिरवून ठेवलेला असू शकतो. घड्याळाच्या उलट दिशेने 90 अंश फिरवलेल्या सेलमध्ये बाहेरचं 'डावीकडे' हे आतल्या भाषेत 'वर' होतं. तेव्हा सरकवण्याचं अंतर आधी उलट्या ट्रान्सफॉर्मेशनमधून काढायलाच हवं.

आधी निवडली ती वस्तू संदर्भाची, बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या, हा नियम वापरणाऱ्याच्या मनात असतो. निवडीची यादी त्याच क्रमाने मिळेल यावर मात्र विसंबू नका. केलेआउटमध्ये निवडलेल्या प्रत्येक वस्तूसोबत ती केव्हा निवडली याचा क्रमांक मिळतो. तो तपासावा.

भाषेची धास्ती बाळगण्याचं कारण नाही. व्हर्च्युओसोची स्किल ही लिस्पच्या कुळातली भाषा आहे, तर केलेआउटमध्ये रुबी आणि पायथन दोन्ही चालतात. महाविद्यालयात थोडं पायथन शिकलेल्या मुलाला हे साधन लिहिता येतं.

राहिला अनडूचा प्रश्न. स्क्रिप्टने केलेला बदल आपोआप मागे घेता येतो, असं बरेच जण समजतात. केलेआउटमध्ये ट्रान्झॅक्शन सुरू करून शेवटी कमिट केलेले बदलच मागे घेता येतात, आणि तेही सगळे एका फटक्यात. मध्येच चूक होऊन स्क्रिप्ट थांबली तरी कमिट झालंच पाहिजे. म्हणून ती ओळ रुबीत 'एन्शुअर'मध्ये आणि पायथनमध्ये 'फायनली'मध्ये ठेवावी.