भातावरचं तपकिरी फुलपाखरू

पावसाळा सरताना वज्रेश्वरीला तानसेकाठच्या भातखाचरांत, बांधावरच्या एकदांडीवर एक तपकिरी जीव सारखा झेपावत असतो. बहुतेक जण त्याला पतंग समजून सोडून देतात. राज्य फुलपाखरू नीलवंत रंगावरून लांबूनही कळतं. चपळ कुळातली ही मंडळी मात्र ठेवण आणि सवयी पाहूनच ओळखावी लागतात. अंग जाडसर, डोकं रुंद, मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली. ऊन खाताना पुढचे पंख अर्धवट उभे आणि मागचे आडवे पसरलेले, ही बैठक एकदा नजरेत बसली की पतंगाचा संशय उरत नाही. पुढे जातीचं नाव सांगणं अवघड. ‘स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट’च्या नराच्या पुढच्या पंखावर, वरच्या बाजूला, तिरकी राखाडी रेघ असते, ‘राइस स्विफ्ट’ला ती नसते. पंख मिटलेला असला तर ही खूण झाकलेलीच राहते. त्यामुळे मोबाइलमधल्या अ‍ॅपने छातीठोकपणे नाव सांगितलं, तरी अशा फोटोवर कुळाचं नाव लिहून थांबणंच प्रामाणिकपणाचं.

नुसतं कुळ कळून उपयोग काय, असं कोणी म्हणेल. शेतकऱ्यापुरतं उत्तर भाताच्या पानावर आहे. भाताची पानं गुंडाळणाऱ्या अळ्या दोन घराण्यांतल्या. एक लहानशा पिवळसर पतंगाची. ती पानाचा हिरवा भाग खरवडते आणि पानावर पांढरे पट्टे उमटतात. हिचा उपद्रव वाढला तर पिकाला फटका बसतो. दुसरी आपल्या चपळाची. ती पान कडेपासून कुरतडत आत जाते. स्मॉल ब्रँडेड स्विफ्टची अळी फिकट हिरवी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना तांबडे पट्टे. हिच्यामुळे सहसा मोठं नुकसान होत नाही, शिवाय परजीवी गांधीलमाश्या तिला आवरतात. गुंडाळलेलं पान दिसताच फवारा मारला तर त्या माश्याही मरतात, म्हणून आधी पान उलगडून पाहावं. पतंगाच्या अळीच्या गुंडाळीत लेंड्या साचलेल्या असतात. चपळ कुळातल्या कित्येक अळ्या मात्र लेंडी दूर भिरकावून देतात. ही नुसती टापटीप नव्हे. उत्तर अमेरिकेतल्या ‘सिल्व्हर-स्पॉटेड स्किपर’ या चपळावर मार्था वाइस यांनी प्रयोग केले आणि २००३ मध्ये दाखवून दिलं, की लेंडीच्या वासाने शिकारी गांधीलमाश्या अळीचा माग काढतात. म्हणून लेंडी दिसली नाही एवढ्यावरून गुंडाळी रिकामी समजू नये.