सापाचा कप्पा आणि वर्ध्याचा मे महिना

सेवाग्राम आश्रमातल्या बापूंच्या दफ्तरात साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा आजही पाहायला मिळतो. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. भोवती शेतं आणि झाडोरा, त्यामुळे साप निघायचेच. साप मारायचा नाही, चिमट्यानं धरून पिंजऱ्यात घालायचा आणि दूर नेऊन सोडायचा, अशी आश्रमाची रीत होती. साप त्या पिंजऱ्यात थोडाच वेळ राहणार, म्हणून त्यात हवा आणि पक्कं दार एवढं पुरे होतं.

घरी सापांसाठी रॅक बांधणाऱ्याचा हिशेब फार वेगळा, कारण त्याचा साप कप्प्यात वर्षानुवर्षं राहणार असतो. रॅक म्हणजे प्लायवूडची मांडणी आणि तिच्या प्रत्येक खणात सरकणारा प्लॅस्टिकचा टब. टबाला झाकण नसतं, वरची फळीच झाकणाचं काम करते. म्हणून टबाची कड आणि फळी यांतली फट अगदी बारीक ठेवावी लागते. जिथून डोकं जातं तिथून पिल्लू अख्खं निघून जातं. बाजूंना हवेसाठी भोकं, तळाशी वर्तमानपत्र किंवा नारळाचा भुसा, एक जड पाण्याचं भांडं आणि लपायला आडोसा.

खरी मेख उष्णतेत आहे. साप सहसा शरीर आतून तापवू शकत नाही. गरज पडली की उबेकडे सरकतो, पुरे झालं की सावलीत येतो. म्हणून टबाच्या मागच्या भागाखालीच तापणारी पट्टी बसवतात. बॉल पायथन या आफ्रिकी अजगरासाठी मागच्या बाजूला साधारण ३१-३२ अंश आणि पुढच्या बाजूला २५-२७ अंश ठेवतात. पट्टीला थर्मोस्टॅट हवाच. त्याचा संवेदक जागेवरून सरकला तर पट्टी तापतच राहते, आणि साप चटका बसूनही बऱ्याचदा तिथून हलत नाही, त्याचं पोट भाजतं.

ही सगळी रचना थंड मुलखातली. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. थर्मोस्टॅट पट्टी बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. टिनाच्या छपराखालच्या खोलीत तर वरचे खण खालच्यांपेक्षा आणखी तापतात. कूलर लावला तर दमटपणा वाढतो, आणि कोंदट ओलाव्यात अजगराला श्वसनाचे आणि कातडीचे आजार जडतात. दुपारी वीज गेली तर बंद टबातल्या जिवाला पळायला जागा नसते. इथल्या रॅकला निम्मं वर्ष गारव्याचीच सोय लागेल, आणि ती तापवण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

मला याहून मोठा आक्षेप जागेचा वाटतो. टब सापाच्या लांबीपेक्षा आखूड असला की त्याला अंग सरळ करता येत नाही. अजगर जास्त वेळ वेटोळं घालून बसतो हे खरं, पण संधी मिळाली की तो पूर्ण ताणतो, चढतो, हिंडतो. रॅक पाळणाऱ्याची जागा वाचवतो, त्याची किंमत साप चुकवतो.

कायदा तर स्पष्ट आहे. नाग, धामण, घोणस, भारतीय अजगर, यांतलं काहीही घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग रॅक कितीही चांगला असो. २०२२ च्या दुरुस्तीनं विदेशी प्रजातींसाठी वेगळी चौथी अनुसूची आणली. बॉल पायथन त्यात येतो, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नोंद नसलेला साप स्वस्तात मिळतोय म्हणून घेणं म्हणजे तस्करीच्या साखळीला हातभार लावणं.

हाताला सुतारकाम येत असेल आणि सापांची ओढ असेल, तर वर्ध्यात त्या कौशल्याला दुसरी वाट आहे. पिपरी मेघे इथल्या करुणाश्रमात जखमी वन्यजीवांवर उपचार होतात. जखमी सापालाही बरं होईपर्यंत स्वच्छ, अंधारा, हवेशीर आणि कुलूपबंद कप्पा लागतो. तो कसा हवा हे आधी तिथल्या लोकांना विचारून घ्यावं. आणि घरात साप निघाला तर स्वतः धरायला न जाता, त्याच्यावर लांबून नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.