भारनियमनातले बारके लॅपटॉप

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, ही बातमी आता शिळी झाली. टीपीएम चिप, आठव्या पिढीचा प्रोसेसर, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव मुदत, हे सगळं वाचकांचं वाचून झालं आहे. भंडारा जिल्ह्यात या बातमीचा अर्थ दुकानाच्या काउंटरवर एका वाक्यात सांगितला जातो: हा लॅपटॉप बाद झाला, नवा घ्या. शाळेच्या संगणक खोलीतला, धान खरेदीच्या नोंदी करणारा, मुलीच्या एमएस-सीआयटीसाठी हप्त्यावर घेतलेला, सगळ्यांना एकच निकाल. त्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्या आणि 2025 च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. म्हणजे नवा परवडत नाही आणि जुना कंपनीला चालत नाही.

या कोंडीतून एक वाट निघते. ती वाट नवी नाही. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी सात ते दहा इंची पडद्याच्या स्वस्त लॅपटॉपांनी, म्हणजे नेटबुकांनी, ती आपल्याला दाखवली होती. त्या यंत्रांची आठवण अनेकांना येते, पण ती केवळ हळहळ म्हणून काढणं मला पटत नाही. त्या बारक्या डब्यांनी एक हक्क गाजवायला शिकवला होता: पैसे मी मोजले, तर आत काय चालेल तेही मी ठरवीन.

सुरुवात लहान मुलांपासून झाली. निकोलस नेग्रोपाँटे यांनी जानेवारी 2005 मध्ये दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. प्रत्यक्षात तो दोनशेच्या आसपास पडला. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 मध्येच या योजनेला नकार दिला. शिक्षण म्हणून या प्रयोगाचा भरवसा वाटत नाही, असा तत्कालीन शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांचा आक्षेप होता. तरीही 2007 मध्ये ही हिरवी-पांढरी यंत्रं आपल्याच राज्यात पोचली. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट धनगरवाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या मुलांच्या हाती एक्सओ नावाचे हे लॅपटॉप आले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संशोधकांनीही पुढे तिथे काम केलं.

एक्सओमध्ये 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि 1 जीबी साठवण होती. आजचा साधा मोबाइलही याच्या कितीतरी पुढे आहे. पण त्याचा साडेसात इंची पडदा भर उन्हात वाचता यायचा, आणि त्याच्या कीबोर्डवर एक कळ अशी होती की ती दाबली की चालू असलेल्या प्रोग्रॅमचा मूळ कोड समोर यायचा. चौथीतल्या मुलाला तो कोड कळला असेल असं मी म्हणत नाही. पण यंत्राच्या पोटात काय आहे ते बघायला तुला परवानगी आहे, हे त्या कळीने त्याला सांगितलं. इतकं मोठं विधान करणारी कळ माझ्या माहितीत तरी दुसरी नाही. आत फेडोरा लिनक्स या मुक्त प्रणालीवर बसवलेला शुगर नावाचा मुलांसाठीचा इंटरफेस होता. मे 2008 मध्ये याच यंत्रावर विंडोज एक्सपी घालायचं ठरलं. त्याच सुमारास प्रकल्पातले वॉल्टर बेंडर बाहेर पडले आणि त्यांनी शुगरचं काम वेगळं चालू ठेवलं. त्यांचं पाऊल योग्यच होतं, असं माझं मत आहे.

व्यापाऱ्यांनी यातून एक गोष्ट नेमकी उचलली: लोकांना छोटं आणि स्वस्त हवं आहे. ऑक्टोबर 2007 मध्ये असुसचा ई-पीसी 701 आला. सात इंची पडदा, 512 एमबी रॅम, 4 जीबीची साठवण, वजन किलोच्या आत, आणि विंडोज नव्हे तर झँड्रॉस लिनक्स. जानेवारी 2008 मध्ये एचसीएलने मायलीप आणला, 13,990 रुपयांपासून. मग एसर अ‍ॅस्पायर वन, डेल मिनी 9, एमएसआय विंड, अशी रांग लागली. इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर या रांगेला पुरला.

आता भंडाऱ्याकडे या. ते दिवस भारनियमनाचे होते. आपल्या खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची. टेबलावरचा कॉम्प्युटर यूपीएसवर पंधरा मिनिटं काढायचा, तेवढ्यात फाइल सेव्ह केली तर केली. सहा सेलच्या बॅटरीचं नेटबुक मात्र पाच-सहा तास चालायचं. मोहाडी-लाखांदूरच्या विद्यार्थ्याला त्याच्या हळू प्रोसेसरचं काही वाटत नव्हतं. वीज गेल्यावरही प्रकल्प अहवाल टाइप होतो, हेच त्याला मोलाचं होतं. शहरी समीक्षकांनी या यंत्रांना खेळणी म्हटलं. त्यांनी ती इथल्या अंधारात वापरून पाहिली असती, तर वेगळं लिहिलं असतं.

लिनक्सचा धसका घेऊन मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये एक्सपीचं आयुष्य फक्त या बारक्या लॅपटॉपांसाठी वाढवलं. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी विंडोज 7 स्टार्टर निघालं. त्यात पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नव्हतं! स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर आईबापाचा फोटो लावायची सोय नाही. हा अपमान ज्यांना झोंबला, ते पेनड्राइव्ह घेऊन पर्याय शोधायला लागले. कोणी उबंटूची नेटबुकसाठीची आवृत्ती टाकली, कोणी पपी लिनक्स. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी 2003 मध्ये सुरू केलेलं पपी अख्खं रॅममध्ये चढतं, म्हणून मरगळलेल्या डिस्कवरही पळतं.

ई-पीसीवर हे करताना एक गंमतीची अडचण यायची. चालू करताना एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडायचा, इथपर्यंत सोपं. पुढे खिडकी उघडायची आणि तिचं खालचं ‘पुढे जा’ बटण दिसायचंच नाही, कारण पडदा फक्त 480 ठिपके उंच. मग ऑल्ट दाबून ठेवायचं, माउसने अख्खी खिडकी वर ओढायची, की तळातलं बटण हाती लागायचं. हे ज्याला माहीत होतं तो मित्रमंडळीत तज्ज्ञ ठरे.

धाडसी मंडळी याहून पुढे गेली. डेल मिनी 9 वर अ‍ॅपलची मॅक ओएस चालवायची! ते जमायचं, कारण त्यातली इंटेलची जीएमए 950 ग्राफिक्स चिप अ‍ॅपलने स्वतःच्या मॅकबुकमध्ये वापरलेली होती, त्यामुळे प्रणालीला ती ओळखीची होती. अ‍ॅपलच्या परवान्यात हे बसत नव्हतं, आणि ते मी लपवत नाही. नोव्हेंबर 2009 च्या 10.6.2 या सुधारणेत अ‍ॅपलने अ‍ॅटमचा आधार काढून टाकला. तरी लोकांनी बदललेले कर्नल घालून वाट काढली. आता मॅक ओएस टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं अ‍ॅपलने जाहीर केलंय, तेव्हा तो खेळ संपत आला.

नेटबुकांचं पर्व 2012 च्या अखेरीस संपलं. असुस आणि एसरने ती बनवणं थांबवलं. टॅबलेट आले, स्मार्टफोन आले. आपल्याकडचं भारनियमनही याच सुमारास हलकं झालं. मग बॅटरीचा तो मोठा गुण कोणाला आठवणार?

तुमसरच्या बसस्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका कारागिराला आठवतो. नाव छापू नका म्हणाले. त्यांच्याकडे एसरचं जुनं नेटबुक अजून कामाला आहे, नागपूरच्या सीताबर्डीतून जुनंच घेतलेलं. ‘‘तारीक कंपनीची संपली जी. मशीनची कुठं संपली?’’ हा त्यांचा पहिला सवाल.

त्या नेटबुकावर त्यांनी लिनक्स टाकलं ते पेनड्राइव्हमुळे. शॉर्टकट व्हायरसचे दिवस आठवा. सायबर कॅफेत पेनड्राइव्ह लावला की आतले सगळे फोल्डर गायब, जागेवर नुसते बाणवाले शॉर्टकट. फोटो स्टुडिओवाले, डीटीपीवाले, कॉलेजची मुलं, सगळे हवालदिल. ‘‘पोट्टे रडकुंडीले येत. भाऊ, सगळं उडालं म्हनत. काई उडलं नसे जी, लपलं असे.’’ विंडोजला न दिसणारे ते लपवलेले फोल्डर लिनक्समध्ये सरळ दिसत, आणि विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथे चालतच नसे. नको त्या फाइली पुसायच्या, फोल्डर परत उघडे करायचे, पाच मिनिटांचं काम. लग्नाचे अल्बम आणि शोधनिबंध या बारक्या डब्याने वाचवले आहेत.

फॉरमॅट मारून विंडोजची चोरटी प्रत टाकून देणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा पैसा. ते त्यांनीही केलंय, नाकारत नाहीत. पण त्यांचा जीव दुसरीकडे आहे. ‘‘फॉरमॅट मारनं सोपं असते. कायले हँग होते थे पाहनं कठीन असते.’’ जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि हलकं लिनक्स बसवलं, तर दहा वर्षांचा लॅपटॉप आणखी काही वर्षं सहज ओढतो, असा त्यांचा रोजचा अनुभव. गिऱ्हाईक तयार होत नाही, कारण त्याला खालच्या पट्टीवर तोच ओळखीचा स्टार्ट हवा असतो. मग ते लिनक्सची पट्टी आणि चिन्हं विंडोजसारखी मांडून देतात, आणि महिनाभराने गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नाही की समाधान मानतात.

अडचणी खऱ्या आहेत. टॅली, श्री-लिपी, अंगठा घेणारी काही यंत्रं, डिजिटल सहीचे काही टोकन, यांचा मेळ लिनक्सशी बसेलच असं नाही. सेवा केंद्रचालकाने या फंदात पडू नये. पण शाळेचं काय? तिथे ब्राउझर, लेखन, चित्रं, थोडं प्रोग्रॅमिंग एवढंच लागतं. देवनागरी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आयता आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. काईट ही तिथली सरकारी संस्था शाळांसाठी उबंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली तयार करते. महाराष्ट्राला ते अशक्य आहे असं मला अजिबात वाटत नाही.

ज्यांच्या माळ्यावर खरंखुरं नेटबुक पडलंय त्यांना मात्र घाई करायला हवी. डेबियनच्या ऑगस्ट 2025 च्या 13 व्या आवृत्तीत 32 बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, आणि 32 बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची 144 ही शेवटची नेहमीची आवृत्ती ठरली. अ‍ॅटम एन270 किंवा एन280 असेल तर डेबियन 12 वरच राहावं. त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या जून 2028 पर्यंत मिळणार आहेत. त्याच पायावरचं अँटीएक्स 23 त्याहूनही हलकं. एन450 आणि त्यापुढचे अ‍ॅटम 64 बिटचे आहेत, त्यांच्यावर आजचं लिनक्सही बसतं. फक्त रॅम 2 जीबीपर्यंत वाढवून घ्यावी.

आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे एक मागणी. शाळांतल्या संगणकांच्या निर्लेखनाचे प्रस्ताव येतील, विंडोज 10 चं कारण देऊन जास्तच येतील. त्या तक्त्यात आणखी एक रकाना वाढवा: लिनक्स टाकून पाहिलं का, आणि कोणी पाहिलं. तो रकाना रिकामा असेल तर प्रस्ताव परत पाठवा. पाहणारे हात तुमसर, साकोली, पवनी, सगळीकडच्या दुकानांत बसलेले आहेत.